कुष्ठरोग आणि कावीळ: रुग्ण आणि घरचे पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न

पायाच्या जखमेला पट्टी बांधायला पंधरा-वीस मिनिटं लागतात आणि तेवढ्या वेळात माणूस मनातलं बरंच बोलून जातो. मुंबईतल्या कुष्ठरुग्णांच्या वस्तीत पट्टीच्या टेबलाशी बसून मी जे प्रश्न ऐकले, तेच इथे घेतले आहेत. काही रुग्णांचे आहेत, बरेचसे सुनांचे, मुलांचे, शेजारणींचे. उत्तरं माहितीसाठी आहेत. औषध सुरू करणं, थांबवणं किंवा बदलणं हे डॉक्टरांना विचारूनच करा.

कुष्ठरोग झाला की आज ना उद्या कावीळ होतेच का?

नाही. कुष्ठरोग जिवाणूमुळे होतो. नॉर्वेच्या हॅन्सन यांनी १८७३ मध्ये तो जिवाणू शोधला. यकृताला सूज आणणारी कावीळ विषाणूंमुळे होते आणि ते विषाणू सर्वस्वी वेगळे. एकातून दुसरा रोग निघत नाही.

मात्र एकाच शरीरात दोन्ही असू शकतात, आणि असले तर एकमेकांच्या उपचारात अडथळा आणतात. दोघांची खोड एकच आहे: गाजावाजा न करणं. कुष्ठरोगाचा चट्टा बधिर असतो, चटका बसला तरी कळत नाही. यकृतही तसंच, अर्धंअधिक खराब होईपर्यंत दुखत नाही. पाय रोज डोळ्यांनी तपासायचा हे आमच्या वस्तीत लहान पोरालाही ठाऊक आहे, कारण पाय स्वतःहून सांगणार नाही. यकृत डोळ्यांना दिसत नाही, म्हणून रक्त तपासून बघावं लागतं. मला सांगायचंय ते मुख्यतः एवढंच, पुढचा सगळा तपशील आहे.

साधी कावीळ, पांढरी कावीळ, मोठी कावीळ... या नेमक्या किती?

यकृताला सूज आणणारे हिपॅटायटिसचे विषाणू पाच: ए, बी, सी, डी आणि ई. लोक ‘साधी’ म्हणतात ती बहुतेक ए किंवा ई. ती दूषित पाण्यातून, उघड्यावरच्या खाण्यातून येते, डोळे पिवळे करते आणि बहुतेकांत काही आठवड्यांत जाते. ‘पांढरी कावीळ’ म्हणजे सहसा बी. ती रक्तातून, शरीरसंबंधातून आणि आईकडून बाळाला जाते. सी मुख्यतः रक्तातून. डी एकटी येत नाही, बी असलेल्याच्याच शरीरात तिला जागा मिळते.

‘पांढरी’ हे नाव लोकांनी नेमकं दिलंय. बी आणि सी वर्षानुवर्षं अंगात राहतात, डोळे पांढरेच दिसतात, आणि आत यकृत कडक होत जातं. शेवटी पोटात पाणी, रक्ताची उलटी किंवा यकृताचा कॅन्सर. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात सुमारे २ कोटी ९८ लाख लोकांना बी आणि ५५ लाख लोकांना सी होता. त्यातल्या बहुतेकांना पत्ता नाही. म्हणजे हा काही वस्तीपुरता आजार नाही. लोकलच्या भरलेल्या डब्यात एखाद-दुसरा सापडेलच.

कुष्ठरुग्णांमध्ये पांढरी कावीळ जास्त असते, असं एका डॉक्टरांनीच सांगितलं. खरं आहे का?

यामागे एक गोष्ट आहे. हिपॅटायटिस बीचा शोध लागला तो बारूक ब्लुमबर्ग या अमेरिकन संशोधकामुळे. त्यांना १९६० च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासी माणसाच्या रक्तात एक अनोळखी प्रथिन दिसलं, म्हणून त्याचं नाव पडलं ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’. ते आणखी कुणाकुणात आहे हे शोधताना त्यांनी फिलिपिन्समधल्या कुष्ठरुग्णांचं रक्त तपासलं, आणि जंतू जास्त असलेल्या, म्हणजे लेप्रोमॅटस प्रकारच्या रुग्णांत ते जास्त आढळल्याचं १९६७ मध्ये प्रसिद्ध केलं. तो विषाणूचाच तुकडा आहे हे नंतर उलगडलं. आज हिपॅटायटिस बीसाठी आपण करतो ती एचबीएसएजी तपासणी म्हणजे तेच प्रथिन शोधणं. ब्लुमबर्ग यांना १९७६ मध्ये नोबेल मिळालं. २८ जुलै हा त्यांचा जन्मदिवस, म्हणून त्या दिवशी जागतिक हिपॅटायटिस दिन असतो.

त्यानंतर देशोदेशी तपासण्या झाल्या आणि उत्तरं एकसारखी आली नाहीत. कुठे प्रमाण जास्त निघालं, कुठे बाकीच्या लोकांइतकंच. जिथे जास्त निघालं तिथे दोन कारणं समोर येतात. एक, लेप्रोमॅटस प्रकारात शरीराची पेशींमार्फत लढणारी ताकद कमी पडते, त्यामुळे विषाणू आला तर हुसकावला जात नाही. दुसरं, आश्रमात आणि रुग्णालयात वर्षानुवर्षं एकत्र राहणं, आणि एकाच सुईने अनेकांना इंजेक्शन देण्याचे ते जुने दिवस. माझं मत विचाराल तर दुसऱ्या कारणाकडे आपण पुरेसं बघितलेलं नाही. रोग्याच्या रक्ताला दोष देणं सोपं, उकळत्या पाण्यात नीट न टाकलेल्या सुईला दोष देणं अवघड.

मग आमच्या घरात ती येते कुठून?

इथे जरा सविस्तर लिहिते, कारण याच प्रश्नाचं उत्तर घरात बसून बदलता येतं.

बधिर तळव्याला घट्टे पडतात, भोवऱ्या होतात, भेगा पडतात. पाय वीसेक मिनिटं पाण्यात भिजवायचा, वजरीने हलकं घासायचं, मग तेल लावायचं, हे सगळ्यांना शिकवलेलं असतं. पण घाई असली की माणूस ब्लेड काढतो. दुखत नाही म्हणून खोल कापतो, रक्त येतं, पुसतो. तेच ब्लेड कागदात गुंडाळून फळीवर जातं आणि उद्या शेजारचा म्हणतो, “जरा दे रे.” हिपॅटायटिस बीचा विषाणू सुकलेल्या रक्तात निदान सात दिवस जिवंत राहू शकतो. डोळ्यांना डागही न दिसेल इतकं रक्त त्याला पुरतं. वजरीचंही तेच: खरबरीत दगडात रक्त अडकून राहतं. एका माणसाची एक वजरी, यात तडजोड नको.

मग पट्टीची कात्री. घरोघरी एकच असते आणि तिनेच कापूस, तिनेच नखं, तिनेच दुधाची पिशवी. जखमेची मेलेली कातडी कापायला वापरली तर ती त्या माणसाचीच ठेवा. धुतलेल्या जुन्या पट्ट्या अदलाबदल करू नका.

वस्तीबाहेरच्या वाटा सगळ्यांना सारख्याच: फुटपाथवरच्या न्हाव्याने तेच पातं दुसऱ्या गालावर फिरवणं, जत्रेतलं गोंदण, कान टोचणं, गल्लीतल्या ‘डॉक्टर’ने ताकदीसाठी दिलेलं इंजेक्शन, असुरक्षित शरीरसंबंध. पन्नास-साठीच्या पुढच्या रुग्णांसाठी आणखी एक. सीचा विषाणू १९८९ मध्ये ओळखला गेला, त्याआधी रक्तपेढीत त्याची तपासणी होणंच शक्य नव्हतं. त्या काळात ज्यांना रक्त चढवलं, हातापायाचं ऑपरेशन झालं, काचेच्या सिरिंजने इंजेक्शनं मिळाली, त्यांनी सीची तपासणी एकदा तरी करून घ्यावी.

एका ताटात जेवलो, एकाच संडासात गेलो, नातवाचा मुका घेतला, तर?

बी आणि सी यातल्या कशानेही होत नाही. शिंकेने नाही, कपड्याने नाही, डासाने नाही, पाण्याच्या ग्लासाने नाही. ए आणि ई मात्र हाताच्या आणि पाण्याच्या अस्वच्छतेतून पसरतात. सार्वजनिक संडास असेल तर साबणाने हात धुण्याला पर्याय नाही.

आणि ज्याला कुष्ठरोग आहे तो औषध घेऊ लागला की त्याच्यापासूनचा संसर्ग लवकरच थांबतो. वेगळं ताट काढायची गरज त्या आजारासाठीही नव्हती, याच्यासाठीही नाही.

एमडीटीच्या (कुष्ठरोगावर एकत्र देतात त्या रिफाम्पिसिन, डॅप्सोन, क्लोफाझिमिन या औषधांच्या) गोळ्या घेतल्या आणि लघवी लाल झाली. कावीळ झाली का?

महिन्याच्या पहिल्या दिवशी सिस्टरसमोर घेतात त्या रिफाम्पिसिनच्या कॅप्सूलने लघवी नारिंगी-लाल होते. एखाद्या दिवसात ती पुन्हा नेहमीसारखी होते. घामाला, अश्रूंनाही रंग येऊ शकतो. काळजी नको.

काविळीची लघवी कोऱ्या चहासारखी किंवा मोहरीच्या तेलासारखी गडद असते, रोज तशीच राहते, आणि जोडीला डोळे पिवळे, जेवणावरची वासना उडालेली, मळमळ, उजव्या बरगडीखाली जडपणा. अशी असेल तर पुढचा ब्लिस्टर पॅक फोडू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणखी एक गोंधळ: क्लोफाझिमिनने कातडी तांबूस-काळपट होते. तो यकृताचा आजार नाही. औषध संपल्यावर काही महिन्यांत रंग हळूहळू उतरतो.

म्हणजे एमडीटीने लिव्हर खराब होत नाही ना?

बहुतेकांचं होत नाही. पण शून्य धोका म्हणणंही खोटं ठरेल. रिफाम्पिसिन आणि डॅप्सोन दोन्ही यकृतातून जातात. टीबीच्या रोजच्या रिफाम्पिसिनच्या मानाने कुष्ठरोगात ती महिन्यातून एकदा ६०० मिलिग्रॅम, म्हणून त्रास कमी.

डॅप्सोनचं मात्र एक रूप लक्षात ठेवा. गोळी सुरू केल्यावर साधारण चार ते सहा आठवड्यांनी ताप, अंगभर लाल पुरळ, मानेत गाठी आणि कावीळ असं सगळं एकदम आलं, तर ते डॅप्सोनची ॲलर्जी असू शकते. यात जीव जाऊ शकतो. अशा वेळी “काविळीचं औषध” शोधत फिरू नका. गोळी थांबवा आणि मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा, ब्लिस्टर पॅक हातात घेऊन. तिथल्या डॉक्टरांना आजार ओळखायला त्या पॅकची मदत होते. डॅप्सोनने रक्तातल्या लाल पेशी फुटूनही डोळे पिवळट दिसू शकतात. ती यकृताची कावीळ नव्हे, पण कोणती हे रक्ताच्या तपासणीनेच ठरतं.

बी किंवा सी आधीपासून आहे आणि यकृतात सूज आहे, अशांना एमडीटी देताना डॉक्टर यकृताच्या तपासण्या मधूनमधून करतात. गरज पडली तर रिफाम्पिसिन, डॅप्सोनऐवजी ऑफ्लोक्सासिन, मिनोसायक्लिन यांसारखी दुसरी औषधं आहेत, कोर्स लांबतो एवढंच. कुष्ठरोगाचा उपचार बंद पडत नाही.

रिअ‍ॅक्शन आली म्हणून प्रेडनिसोलोन लिहून दिलंय. त्याआधी काविळीची तपासणी कशाला?

या पानावरचा एकच प्रश्न वाचायचा असेल तर हा वाचा.

चट्टे सुजून लाल होणं, नस दुखून हात लुळा पडायला लागणं, अंगावर दुखऱ्या गाठी आणि ताप, ही लेप्रा रिअ‍ॅक्शन. तिला स्टेरॉइड लागतं आणि ते वेळेत दिलं नाही तर हातपाय कायमचे वाकडे होतात. प्रेडनिसोलोन बहुतेक वेळा दिवसाला ४० मिलिग्रॅमच्या आसपास सुरू करून हळूहळू उतरवतात. निदान बारा आठवडे चालतं. गाठींच्या रिअ‍ॅक्शनमध्ये तर ती पुन्हा पुन्हा येते आणि औषध महिनोन् महिने चालू राहतं.

आता ज्याच्या अंगात बी झोपलेला आहे त्याचं काय होतं बघा. स्टेरॉइड शरीराचा पहारा ढिला करतं, म्हणूनच तर रिअ‍ॅक्शन शमते. पहारा ढिला झाला की विषाणू उठतो, भराभर वाढतो. पुढे स्टेरॉइड कमी केलं की पहारेकरी शुद्धीवर येतात आणि विषाणू भरलेल्या यकृतावरच तुटून पडतात. कधी नुसतं तपासणीत एंझाइम वाढलेलं दिसतं, कधी जोराची कावीळ होते, क्वचित यकृत निकामी होतं. रोज २० मिलिग्रॅम किंवा जास्त, चार आठवड्यांहून अधिक, म्हणजे धोका मोठा, हे गणित सगळ्या यकृततज्ज्ञांच्या तोंडपाठ असतं. आपला स्टेरॉइडचा कोर्स दोन्ही आकडे सहज ओलांडतो.

म्हणून पहिल्या गोळीआधी किंवा पहिल्याच आठवड्यात एचबीएसएजी, आणि शक्य तिथे अँटी-एचबीसी (बी पूर्वी कधी अंगात आला होता का, हे दाखवणारी), या दोन रक्ततपासण्या. नस वाचवायची घाई असेल तर स्टेरॉइड थांबवून ठेवायचं नाही. ते सुरू करायचं, रक्तही त्याच दिवशी द्यायचं. एचबीएसएजी पॉझिटिव्ह आला तर टेनोफोविर किंवा एन्टेकॅविर सोबत देतात, आणि स्टेरॉइड संपल्यावरही निदान सहा महिने ते चालू ठेवतात. गाठींच्या रिअ‍ॅक्शनसाठी मेथोट्रेक्सेट सुचवलं गेलं तर ही तपासणी दुप्पट गरजेची, कारण ते औषध यकृतालाही झोंबतं.

माझ्यासमोर एका काकांना तीन वर्षांत चार वेळा प्रेडनिसोलोन मिळालं होतं आणि एकदाही कुणी ही तपासणी केली नव्हती. चौथ्या वेळी डोळे पिवळे झाले. तेव्हा पहिल्यांदा रक्त गेलं आणि पांढरी कावीळ निघाली. ते वाचले, पण दोन महिने अंथरुणात गेले. डॉक्टर गर्दीत विसरू शकतात. तुम्ही विचारा: “माझी बीची तपासणी झाली आहे का?”

आणि केमिस्टकडून स्वतःच्या मनाने ‘ती बारीक पांढरी गोळी’ आणून खाणाऱ्यांना हात जोडून विनंती: नका करू.

घरच्यांना एक डोस गोळी देतात. माझ्या मुलाला पूर्वी कावीळ झाली होती, त्याने घ्यावी का?

घरातल्यांना आणि जवळच्यांना कुष्ठरोग होऊ नये म्हणून रिफाम्पिसिनचा एकच डोस देतात. आधी अंगावर चट्टे नाहीत ना, टीबीची लक्षणं नाहीत ना, हे बघतात. दोन वर्षांखालची मुलं आणि गरोदर बायका यांना देत नाहीत. यकृताचा मोठा आजार असलेल्यांनाही नाही.

लहानपणी एकदा ए किंवा ई होऊन गेली आणि आता ठणठणीत आहे, तर सहसा अडचण नसते. सध्या कावीळ असेल, किंवा बी-सीमुळे यकृत खराब असेल तर डोस आज नको. गोळी द्यायला आलेल्या ताईंपासून ही गोष्ट लपवू नका. त्या गोळी देणार नाहीत एवढंच, तुमचं नाव कुठल्या पाटीवर लागणार नाही.

तपासणी कोणती आणि कुठे?

तीन गोष्टी: बीसाठी एचबीएसएजी, सीसाठी अँटी-एचसीव्ही, आणि यकृताचं काम दाखवणारी एलएफटी. पहिल्या दोन बोटाच्या थेंबभर रक्तावरही होतात. अँटी-एचसीव्ही पॉझिटिव्ह आली म्हणजे सी आहेच असं नाही, पूर्वी येऊन गेलेल्या विषाणूची ती खूणही असू शकते. पक्कं ठरतं ते विषाणू आत्ता रक्तात आहे का हे शोधणाऱ्या आरएनए तपासणीने.

केंद्र सरकारचा राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २८ जुलै २०१८ ला सुरू झाला. त्यात बी आणि सीची तपासणी व औषधं मोफत आहेत. जवळच्या पालिका दवाखान्यातून चिठ्ठी घ्या. सायन, केईएम, नायर या पालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत पोटविकार विभाग आहेत, तिथे जाऊन “हिपॅटायटिस कार्यक्रमातून तपासणी हवी” असं स्पष्ट सांगा. खासगी लॅबमध्ये पैसे घालवायच्या आधी एवढी एक फेरी मारा. वडाळ्याचं अ‍ॅक्वर्थ रुग्णालय १८९० पासून कुष्ठरोगासाठी आहे, तिथला केसपेपर असेल तर तोही सोबत न्या. कुठली औषधं कधी चालू होती हे त्यावर असतं आणि पोटविकारवाल्यांना नेमकं तेच हवं असतं.

बी पॉझिटिव्ह आला. आता आयुष्यभर गोळ्या?

प्रत्येकाला नाही. विषाणू किती आहे, एंझाइम वाढलंय का, यकृत किती कडक झालंय, हे बघून ठरवतात. काहींना फक्त दर सहा महिन्यांनी तपासणी. औषध लागलंच तर दिवसाला टेनोफोविरची एक गोळी, बहुधा अनेक वर्षं. ती विषाणू दाबून ठेवते, मुळासकट काढत नाही. म्हणून बरं वाटलं की बंद केली, असं करू नका. अचानक थांबवली तर विषाणू उसळतो. टेनोफोविरचे दोन प्रकार मिळतात, त्यातला ‘अ‍ॅलाफेनामाइड’ रिफाम्पिसिनबरोबर चालत नाही. एमडीटी चालू आहे हे लिहून देणाऱ्याला आठवणीने सांगा.

सी निघाला तर?

सी बरा होतो, पूर्ण बरा. यकृत फार खराब नसेल तर बारा आठवडे गोळ्या आणि ९५ टक्क्यांहून जास्त लोकांतून विषाणू कायमचा जातो.

पण आपल्यासाठी एक मेख आहे. सोफोसबुविर, डक्लाटासविर, वेल्पाटासविर या गोळ्या रिफाम्पिसिनसोबत देता येत नाहीत. रिफाम्पिसिन यकृताला इतकं कामाला लावतं की या औषधांचा रक्तात पुरता अंशच उरत नाही, आणि बारा आठवडे फुकट जातात. त्यामुळे बहुधा आधी एमडीटी संपवतात, मग सीचा कोर्स. सी सावकाश चालणारा आजार आहे, काही महिने थांबला तर चालतं. नसेचा आजार थांबत नाही. दोन वेगळ्या रुग्णालयांत दोन वेगळे डॉक्टर असतात आणि एकाला दुसऱ्याचं माहीत नसतं, सगळी गडबड इथेच होते. सगळे कागद एकाच फाइलमध्ये ठेवा.

बीची लस कोणी घ्यावी?

ज्याची एचबीएसएजी निगेटिव्ह आहे आणि आधी लस झालेली नाही, त्या प्रत्येकाने. कुष्ठरोगाच्या रुग्णालाही चालते. तिच्यात जिवंत विषाणू नाही, एमडीटीबरोबर घेता येते. मोठ्यांना तीन डोस: आज, एका महिन्याने, सहा महिन्यांनी. बाळांना जन्मल्यावर २४ तासांत पहिला, मग सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना पेंटाव्हॅलेंट या पाच रोगांवरच्या एकत्र लसीतून. देशभरातल्या बाळांसाठी ही लस २०११ पासून सरकारी यादीत आहे. त्यामुळे घरातली धाकटी मुलं सुटलेली असतात, त्यांचे दादा-ताई आणि आईवडील राहून गेलेले असतात. सीवर लस नाही.

सून गरोदर आहे आणि तिला बी आहे. बाळाचं काय?

बाळपणी बी लागला तर दहातल्या नऊ बाळांत तो आयुष्यभर राहतो, मोठ्या माणसात शंभरात पाचहून कमी जणांत. म्हणून सगळा जोर बाळावर. नाव नोंदवतानाच सांगा. तिच्या रक्तात विषाणू फार असेल तर शेवटच्या महिन्यांत टेनोफोविर देतात. बाळाला जन्मताच लसीचा डोस आणि सोबत इम्युनोग्लोबुलिनचं इंजेक्शन, दुसऱ्या मांडीत. बाळंतपण घरी किंवा गावी करायचा बेत असेल तर तो बदला, हे इंजेक्शन तिथे वेळेत मिळेल याची खात्री नाही. अंगावर पाजायला हरकत नाही.

पावसाळ्यातल्या ‘साध्या’ काविळीलाही गरोदरपणात साधं समजू नका. ई प्रकार शेवटच्या तीन महिन्यांत आईच्या जिवावर बेततो.

काविळीची माळ, चुन्याचं पाणी, नाकात थेंब... आमच्याकडे गुण येतो.

येतो, कारण ए आणि ई आपोआप बऱ्या होतात आणि श्रेय माळेला मिळतं. माळ कशी लांब होते? तिच्या गाठी सैल बांधलेल्या असतात, काड्या वाळल्या की ती ओघळते. हाताला आंब्याच्या सालीचा रस चोळून चुन्याच्या निवळीत हात धुतले की पाणी पिवळं होतं, निरोगी माणसाचंही. करून बघा, पोरांना मजा येते.

माळेने नुकसान नाही, वेळ जातो. नाकात टाकायच्या थेंबांनी आणि अनोळखी मुळ्यांच्या काढ्यांनी मात्र होतं. एमडीटी आणि स्टेरॉइड चालू असताना यकृतावर तिसरं ओझं कशाला?

खायचं काय? उसाचा रस चालेल?

घरचं नेहमीचं जेवण. तेल-हळद बंद करून माणसाला उपाशी मारू नका. ज्याच्या जखमा भरायच्या आहेत त्याला डाळ, अंडी, मासे लागतातच. उसाचा रस आवडत असेल तर प्या, औषध म्हणून नको. आणि गाडीवरचा नकोच: बर्फ कुठल्या पाण्याचा ते कुणालाच ठाऊक नसतं. कावीळ बरी करायला निघालेला माणूस तिथून दुसरी कावीळ घेऊन येतो.

दारू पूर्ण बंद. ‘एक क्वार्टर’सुद्धा. नसेच्या दुखण्यावर पॅरासिटामॉल रोज किती खाता तेही डॉक्टरांना सांगा.

पावसाळ्यात काय करायचं?

नळाला सुरुवातीला गढूळ किंवा वासाचं पाणी आलं तर ते जाऊ द्या आणि पालिकेच्या वॉर्ड ऑफिसात तक्रार द्या. गटाराशेजारून गेलेल्या जुन्या पाइपात पाणी नसताना घाण आत ओढली जाते. पिण्याचं पाणी चांगलं उकळी फुटेपर्यंत तापवा. आणखी एक: साचलेल्या पाण्यातून जखमी पाय घेऊन जाऊ नका. तिथे काविळीपेक्षा लेप्टोची (उंदरांच्या मुतातून पाण्यात येणाऱ्या जंतूच्या तापाची) भीती मोठी, आणि तीही कावीळ करते.

पट्टी करायला नकार दिला. म्हणाले, आधीच कुष्ठ, त्यात पांढरी कावीळ.

हे मी स्वतः ऐकलंय, एका दवाखान्याच्या दारात. नकाराला कुठलाही वैद्यकीय आधार नाही. प्रत्येक रुग्णाचं रक्त संसर्गाचं आहे असं धरूनच हातमोजे घालायचे, हा सगळ्या दवाखान्यांचा नियम आहे. ज्याचा रिपोर्ट नाही तो जास्त धोक्याचा, ज्याने सांगितलं तो नव्हे. नकार मिळाला तर लेखी मागा. बहुतेकदा तिथेच सूर बदलतो. अपंगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात कुष्ठरोगातून बरे झालेल्यांचा समावेश आहे, हेही सांगता येतं.

मुलीचं लग्न ठरतंय. तिला बी आहे. सांगायचं का?

होणाऱ्या नवऱ्याला सांगा, सगळ्या भावकीला नाही. त्याची एचबीएसएजी, मग लसीचे तीन डोस, तोवर निरोध. लस लागू पडली की संसार इतरांसारखा, मुलंबाळं इतरांसारखी. लपवलं आणि बाळंतपणात बाहेर आलं तर भांडण आजारावरून होत नाही, फसवल्यावरून होतं. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण होतं, ते २०१९ मध्ये कायद्यातून काढलं गेलं. घराघरांतून निघायला वेळ लागतोय, ते वेगळं.

मीच आईची पट्टी करतो. तिला बी आहे आणि काल ब्लेड माझ्या बोटाला लागलं.

बोट पिळू नका, तोंडात घालू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा आणि लगेच मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. तुमची लस झालेली नसेल तर लसीचा पहिला डोस आणि इम्युनोग्लोबुलिन दोन्ही लागतील, शक्यतो २४ तासांच्या आत. सात दिवसांपर्यंत उपयोग होऊ शकतो, पण जितका उशीर तितका फायदा कमी. “काल” म्हणालात, म्हणजे हे वाचून झाल्यावर निघा. आईचा रिपोर्ट सोबत घ्या. जमिनीवर रक्त सांडलं असेल तर घरातल्या कुणाला तरी सांगा: एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी, दहा मिनिटं ओतून ठेवायचं, मग हातमोजे घालून पुसायचं.

आणि ते ब्लेड रिकाम्या जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाकून झाकण लावा. कचऱ्याच्या पिशवीत तसंच टाकलं तर उद्या सफाईवाल्या दादाच्या बोटात जाईल.